वेळ मशीनला विचारा, प्रसंग स्वतः ओळखा

३० मार्च २०२५ चा रविवार. एकोणतिसावा रोजा होता आणि त्याच दिवशी गुढीपाडवाही होता. मी ईदसाठी पुण्याहून बीडला घरी आलो होतो. सहरी केली, फजर पढली आणि झोपलो. उठलो तो फोनच्या सततच्या आवाजाने. गेवराई तालुक्यातल्या अर्धमसला गावात पहाटे अडीचच्या सुमारास मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट झाला होता. कुणी जखमी झालं नव्हतं, पण मशिदीच्या आतल्या भागाचं नुकसान झालं होतं. पोलिसांनी काही तासांतच दोघांना पकडलं. अफवांवर विश्वास ठेवू नका, असं आवाहन पोलीस अधीक्षकांनी केलं. मोहल्ल्यात जो तो फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

आणि सकाळी बरोबर अकरा वाजता आमच्या पेजवर एक रील गेलं.

हे पेज आम्ही मोहल्ल्यातले सहा मित्र चालवतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, सरकारी योजना, रक्तदान, अधूनमधून थोडी गंमत. रीलचं नाव होतं ‘चाँद आज की उद्या?’ शिंप्याच्या दुकानात एक कुर्ता अजून शिवायचा राहिलाय, चार पोरं त्याला घेरून उभी आहेत आणि मागे विनोदी संगीत वाजतंय. आम्ही ते शुक्रवारी रात्री तयार केलं होतं. कधी टाकायचं, हे एका एआय टूलला विचारलं. उत्तर आलं, रविवार सकाळी अकरा. आम्ही वेळ लावून दिली आणि विसरून गेलो.

पहिली कमेंट आली, ‘भावांनो, जिल्ह्यात काय झालंय ते माहिती आहे का?’ दुसरी जरा कडक होती. तिसरी मी इथे लिहीत नाही. पंचवीस मिनिटांनी रील काढून टाकलं, तोवर ते त्या आठवड्यातल्या आमच्या कुठल्याही पोस्टपेक्षा जास्त लोकांनी बघितलं होतं. म्हणजे टूल चुकलं नव्हतं. त्याने सांगितलं होतं की या वेळी लोक फोनवर असतील, आणि लोक फोनवर होते. ते का होते, हे त्याला ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं. पण बटण आम्ही दोन दिवस आधीच दाबून ठेवलं होतं.

मला जास्त लाज वाटली ती यासाठी, की हे माझं रोजचं काम आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. एका ॲपमध्ये कुणाला किती वाजता नोटिफिकेशन पाठवायचं, हे ठरवणारा भाग लिहिण्यात माझी काही वर्षं गेली आहेत. त्यामुळे असल्या टूलच्या आत काय चालतं ते मला माहीत आहे. तुमच्यापैकी अनेक जण कॉलेजचं, संघटनेचं, दुकानाचं किंवा क्लासचं पेज चालवता आणि हीच टूल्स वापरता. म्हणून आधी ते सांगतो.

पूर्वी इन्स्टाग्रामवर पोस्ट ज्या क्रमाने टाकल्या जात त्याच क्रमाने दिसत. मार्च २०१६ मध्ये कंपनीने हे बदलणार असल्याचं जाहीर केलं. कारण असं दिलं की लोकांच्या फीडमधला सरासरी ७० टक्के भाग त्यांच्या नजरेतून सुटतो. तेव्हापासून तुमच्यासमोर काय आधी येईल ते यंत्र ठरवतं. एखाद्या पोस्टला किती लवकर लाइक, कमेंट आणि शेअर मिळतात, याकडेही ते बघतं, हे कंपनीने २०२१ मध्ये स्वतः सांगितलं. म्हणून सुरुवातीच्या प्रतिसादाला किंमत आली आणि ‘पोस्ट कधी टाकायची’ या प्रश्नाचा बाजार उभा राहिला. आता इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यात फॉलोअर कधी जागे असतात त्याचा तक्ता दिसतो. मेटा बिझनेस सूट वेळ सुचवतं, यूट्यूब स्टुडिओ प्रेक्षकांचे तास रंगवून दाखवतं आणि बाहेरची टूल्स पैसे घेऊन हेच करतात.

आतलं गणित फार अवघड नाही. आठवड्याचे सात दिवस आणि दिवसाचे चोवीस तास, असे १६८ चौकोन समजा. कोणत्या चौकोनात तुमचे किती फॉलोअर ऑनलाइन होते आणि कोणत्या चौकोनात टाकलेल्या पोस्टला किती प्रतिसाद मिळाला, हे मोजायचं. मग सगळ्यात भरलेला चौकोन तुम्हाला सुचवायचा. त्यावर कितीही चकचकीत एआयचं कव्हर चढवलं तरी गाभा हाच: मागे जे झालं त्यावरून पुढचा अंदाज. लाखो ग्राहकांच्या ॲपमध्ये हे बऱ्यापैकी चालतं. बाराशे फॉलोअरच्या पेजवर एखादं रील चुकून गाजलं तरी तो चौकोन सहा महिने ‘उत्तम वेळ’ म्हणून मिरवतो. आणि ज्या तासाला तुम्ही कधी पोस्टच टाकली नाही, त्याच्याबद्दल प्रतिसादाचा एकही आकडा टूलकडे नसतो. आम्ही नेहमी रात्री टाकायचो, म्हणून टूल आम्हाला रात्रच सांगायचं. आमचीच सवय आमच्याकडे सल्ला बनून परत यायची.

आमच्या पेजवर हे कसं फसलं, त्याची दोन उदाहरणं देतो.

मोहल्ल्यात रेशनकार्डाच्या ई-केवायसीचं शिबिर ठेवलं होतं. टूलने रात्री साडेअकराची वेळ दिली. पोस्ट भरपूर बघितली गेली, शिबिराला मात्र मोजकी माणसं आली. नंतर मी फॉलोअरची यादी उघडून बसलो, तेव्हा उलगडा झाला. आमच्या पेजवर बीडची अनेक मुलं अशी आहेत जी कामासाठी दुबईला, सौदीला आहेत. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजतात तेव्हा दुबईत दहा आणि रियाधमध्ये नऊ वाजलेले असतात. ड्युटी संपवून, जेवून ही मुलं घरच्या बातम्या बघत पडलेली असतात. टूलने त्यांची वेळ काढली होती. ज्यांचं केवायसी करायचं होतं त्या आमच्या खाला आणि चाच्या तेव्हा झोपलेल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणींकडे स्वतःचा फोन नाही आणि जिच्याकडे आहे ती आमच्या पेजवर नाही. दुसऱ्या शिबिराला आम्ही जुमाच्या नमाजनंतर मशिदीतून ऐलान करवलं. शिवाय दुपारी तीनच्या सुमारास, जेवणंखाणं आणि भांडी उरकल्यावर, एका खालाच्या आवाजातला निरोप घरोघरच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. त्या दिवशी रांग लागली.

दुसरं उदाहरण ऊसतोडीचं. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. आम्ही त्याची माहिती टूलने सांगितलेल्या वेळी, रात्री नऊ वाजता टाकली. ज्या माणसाला पहाटे तीन-चारला उठून फडात जायचं आहे, तो रात्री नऊला रील बघत बसेल का? शेवटी माझ्या एका वर्गमित्राने मार्ग काढला. त्याचे वडील मुकादम आहेत. त्यांच्याकडून ट्रॅक्टरवाल्यांना आवाजी निरोप गेला, कारण कारखान्यावर गाडी नंबरला लावली की हे लोक तासन्‌तास रिकामे बसतात आणि फोन हातात असतो. दोन कुटुंबांचे फोन आले. आकडा छोटा आहे. पण ज्यांच्यासाठी माहिती होती, तेच ते लोक होते.

टूलच्या तक्त्यात हे लोक कमी महत्त्वाचे ठरत नाहीत, ते तक्त्यात नसतातच. जो फोनवर दिसतो तोच मोजला जातो. आपण समाजाचं काम करतो असं म्हणायचं आणि ज्याची मोजणीच होत नाही त्याला सोडून द्यायचं, हे जमणार नाही. म्हणून ‘किती वाजता टाकू?’ या प्रश्नाच्या आधी ‘कुणासाठी टाकतोय?’ हा प्रश्न यायला हवा.

आपल्या कॅलेंडरचाही मुद्दा आहे. २०२४ मध्ये आपल्याकडे पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५ मध्ये २ मार्चला. चांद्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी अलीकडे सरकत ऋतू ओलांडत जातो. जे टूल मागच्या चार आठवड्यांवर चालतं, ते रमजानच्या पहिल्या आठवड्यात शाबानच्या सवयी सांगतं आणि ईदनंतर सहरीची वेळ सुचवतं. जे मागच्या वर्षीची तीच तारीख बघतं, तेही चुकतं. इफ्तारला फोन बाजूला पडतो, तरावीहनंतर हातात येतो आणि सहरीला पुन्हा उजळतो, हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही माहीत आहे. मी एकदा एका चॅटबॉटला काहीच न सांगता ‘पोस्टसाठी उत्तम वेळ कोणती’ असं विचारलं. उत्तर आलं, मंगळवार ते गुरुवार, सकाळी नऊ ते अकरा. हे ऑफिसात बसणाऱ्या कुठल्यातरी दूरच्या शहराचं वेळापत्रक होतं. मग मी बीड, रमजान, जुमा, ऊसतोड असं सगळं सांगितलं, तेव्हा त्याने बरंच शहाणं उत्तर दिलं. पण ते शहाणपण मीच त्याला पुरवलं होतं.

इथवरच्या चुका निस्तरता येतात. शिबिर पुन्हा ठेवता येतं, निरोप पुन्हा पाठवता येतो. तणावाच्या दिवशीचं तसं नाही.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच भटक्या माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारून टाकलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची माणसं होती. रविवार होता, गावात आठवडी बाजार भरला होता. अफवा व्हॉट्सॲपवर आधीपासून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. ते वरातीमागून घोडं होतं. अफवेला कुणी वेळ ठरवून दिली नव्हती. बाजारात माणसं जमली, तिथे ती आधीच येऊन थांबलेली होती. तिचं खंडन मात्र बाजाराच्या आधी सगळ्यांपर्यंत पोहोचलं नाही.

आपल्या बीडला तर असे दिवस वारंवार येत आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आरक्षण आंदोलनाच्या काळात जाळपोळ झाली, संचारबंदी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि जिल्हा जातीजातीत ताणला गेला. आडनावावरून जात बघितली जाऊ नये म्हणून पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवर फक्त पहिलं नाव ठेवण्याची वेळ आली. अशा जिल्ह्यात पोस्टचं बटण हे नुसतं बटण राहत नाही.

यात एक मोहही आहे आणि तो आपल्याला मान्य करायला हवा. तणावाच्या तासाला सगळे ऑनलाइन असतात. तेव्हा टाकलेलं काहीही पळतं, रागाचं तर जास्तच पळतं. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये लोकांत चर्चा घडवणाऱ्या पोस्टना वर आणण्याचं धोरण घेतलं. त्यातून रागाला खतपाणी मिळतंय, असा इशारा कंपनीच्याच संशोधकांनी आत दिल्याचं २०२१ मध्ये बाहेर आलेल्या कागदपत्रांतून दिसलं. अर्धमसल्याच्या प्रकरणात जिलेटिनच्या कांड्या हातात घेतलेल्या एका आरोपीचा व्हिडिओ सोशल मीडियावर पसरल्याच्या बातम्या आल्या. तो व्हिडिओ त्या सकाळी आमच्या ग्रुपवरही आला. आमच्यातल्या एकाने विचारलं, ‘पेजवर टाकू का? आत्ता टाकला तर लाखावर जाईल.’ त्याचा हिशेब बरोबर होता. टूलला विचारलं असतं तर त्यानेही हो म्हटलं असतं. पण ती चित्रफीत पोलिसांकडे होती, आरोपी पकडलेले होते, दुसऱ्या दिवशी बहुधा ईद होती आणि आमच्या पेजवर सोळा-सतरा वर्षांची पोरं होती. आम्ही ती टाकली नाही.

बातमी आणणाऱ्याची खात्री करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचं नुकसान करून बसाल आणि मग पस्तावाल, असा सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीचा आशय आहे. आपण तो जलशांतून ऐकतो. फोन हातात असताना त्याचा अर्थ इतकाच, की खात्री होईपर्यंत थांबायचं आणि खात्री झाल्यावर उशीर करायचा नाही. थांबायचं किती आणि निघायचं कधी, हे फॉलोअरच्या तक्त्यात लिहिलेलं नसतं.

यावर पेजवरच्या एका धाकट्या मित्राने मला सुनावलं. ‘भाई, तुम्ही पुण्यात बसून कंपनीसाठी हेच करता आणि आम्हाला सांगता नको. द्वेष पसरवणारी पेजेस चोवीस तास, पगारी माणसं ठेवून, टूल लावून पोस्ट करतात. आपण सहा जण, नोकऱ्या सांभाळून. टूल सोडलं तर आपला आवाज पोहोचणार कसा?’ त्याचं म्हणणं खोटं नाही. टूल वेळ वाचवतं. सहा जणांपैकी कुणालाही रात्री जागून पोस्ट टाकावी लागत नाही, हा फायदा छोटा नाही. म्हणून मी टूल फेकून द्या असं म्हणत नाही. पण द्वेषाच्या पेजला चुकीच्या दिवशी पोस्ट गेली तर काही फरक पडत नाही, उलट त्यांचं भागतं. आपला सगळा आधार लोकांच्या विश्वासावर आहे. तो एका विनोदी रीलने पंचवीस मिनिटांत कसा हलतो, ते मी बघितलंय.

अब्बा त्यांच्या लहानपणच्या गावातल्या दवंडीवाल्याची गोष्ट सांगतात. तो भर दुपारी दवंडी देत नसे, कारण माणसं शेतात असत. दिवेलागणीला, लोक घरी आल्यावर, हलगी वाजवत निघे. म्हणजे ‘उत्तम वेळ’ त्यालाही कळत होती. पण गावात मयत असेल तर तो त्या आळीत हलगी वाजवत नसे, दाराशी जाऊन हळू आवाजात सांगे. आग लागली किंवा नदीला पाणी आलं, तर दिवेलागणीची वाट बघत नसे. मराठीत आपण ‘वेळप्रसंग’ असा जोडशब्द वापरतो, तो उगाच नाही. टूलला त्यातला पहिला अर्धा भाग येतो.

त्या रविवारनंतर आम्ही चार गोष्टी ठरवल्या. तुम्हाला पटल्या तर घ्या.

पहिली, अर्ज, शिबिरं, शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखा अशा कामाच्या माहितीसाठी टूलला वेळ विचारायची. पण आधी कागदावर लिहायचं की ही माहिती कुणासाठी आहे आणि तो माणूस फोनवर आहे का. नसेल तर मशीद, मुकादम, शाळा, दुकान, जो रस्ता असेल तो धरायचा.

दुसरी, आधीपासून वेळ लावून ठेवलेल्या पोस्टची यादी रोज फजरनंतर एकाने उघडून बघायची. सहा जणांच्या पाळ्या लावल्या आहेत. जिल्ह्यात काही वाईट घडलं असेल तर सगळी रांग थांबवायची. मग ते आपल्या समाजात घडलेलं असो की दुसऱ्या. मस्साजोगला मातम असताना आपल्या पेजवर नाचगाणं नको आणि अर्धमसल्यालाही नको.

तिसरी, अफवेचं खंडन उत्तम वेळेची वाट बघत ठेवायचं नाही. दोघांनी स्वतंत्रपणे खात्री केली, पोलीस ठाण्यात किंवा त्या गावात फोन लावून विचारलं, की त्याच मिनिटाला टाकायचं. मग रात्रीचे तीन का असेनात.

चौथी, ज्या पोस्टमुळे कुणाचा राग वाढेल तिच्यासाठी टूलला वेळ विचारायचीच नाही. ती टाकायची की नाही, हे सहा जणांनी बोलून ठरवायचं. एकमत नसेल तर टाकायची नाही.

यातलं काहीही फार हुशारीचं नाही. पुण्यात माझ्या टीमला सांगितलं तर हसतील, कारण यात कोडची एक ओळही नाही. पण नोकरीत माझी चूक झाली तर एखाद्या ग्राहकाला नको त्या वेळी सवलतीची जाहिरात जाते. इथे चूक झाली तर ज्या गल्लीत मी लहानाचा मोठा झालो, तिथल्या लोकांच्या नजरेला नजर देता येत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी चाँद दिसला. मगरिबनंतर आम्ही सहा जण मशिदीच्या पायरीवर उभे होतो. टूलला काही विचारलं नाही. ईदगाहच्या जबाबदार माणसाकडून जमातीची वेळ पक्की केली आणि तिथेच उभ्या उभ्या लिहिलं: ‘चाँद दिसला. उद्या ईद. नमाजची वेळ खाली दिली आहे. अर्धमसल्याबद्दल खात्री नसलेलं काही पुढे पाठवू नका.’ सकाळी ज्याने कडक कमेंट केली होती, त्याने ती पोस्ट सर्वात आधी शेअर केली.